‘ताबा सुटल्याने’ हे कारण आहे की नुसतं वर्णन?

रबरी_खूण | शनि, रात्री ९:१०

प्राणघातक अपघाताची कुठलीही बातमी काढा. ‘चालकाचा ताबा सुटल्याने गाडी झाडावर आदळून दोघांचा जागीच मृत्यू.’ हे वाक्य इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काहीच सांगितलेलं नाही हे जाणवतही नाही. ताबा सुटला हे तर उघडच आहे, नाहीतर गाडी झाडावर कशाला गेली असती? तो का सुटला, हा खरा प्रश्न. आणि त्यापुढचा प्रश्न बातमीत कधीच नसतो: ताबा सुटला म्हणून माणूस मेला का? ताबा रोज कित्येकांचा सुटतो. बहुतेक जण शिव्या घालत, घाम पुसत घरी येतात.

मी काही वर्षं अपघातांची फेरमांडणी करणाऱ्या एका छोट्या गटात होतो. फेरमांडणी म्हणजे शेवटापासून उलटं चालत जाणं. गाड्या कुठे थांबल्या, तिथवर कशा आल्या, कुठे भिडल्या, भिडताना वेग किती होता, त्याआधी चालकाला काय दिसत होतं. त्यातलं थोडं इथे लिहितो.

सगळ्यात आधी रस्ता वाचायचा, कारण सगळ्यात आधी तोच पुसला जातो. पाऊस येतो, रहदारी सुरू होते, कुणीतरी काचा झाडून कडेला लोटतं. चाक लॉक होऊन घासलं तर सरळ काळा पट्टा उमटतो. गाडी वळणावर बाहेर फेकली जात असेल, तर चाक फिरत फिरत आडवं घसरतं. त्याचा पट्टा वक्र असतो आणि त्यात तिरक्या बारीक रेषा असतात. या दोन्हींत गल्लत झाली की गणितच चुकतं. आणि डांबरात खोदला गेलेला छोटासा चर दिसला तर तो सोन्यासारखा जपायचा. दोन गाड्या एकमेकींत सर्वात खोल घुसलेल्या असतात तेव्हा खालचं लोखंड रस्त्यात रुततं. ‘तो माझ्या लेनमध्ये आला’ विरुद्ध ‘तोच माझ्या लेनमध्ये आला’ हा वाद तळहाताएवढा चर मिटवतो. काचांचा सडा मात्र फसवतो, तो पुढे उडतो.

मग वेग. सुकं डांबर, चांगले टायर, घर्षणांक (रस्त्यावर टायरची पकड किती, त्याचा आकडा) ०.७ धरू. २५ मीटर घासून गाडी तिथेच थांबली असेल तर घासायला सुरुवात झाली तेव्हा ती ताशी सुमारे ६७ किमी वेगात होती. हा किमान वेग, कारण पट्टा दिसायला लागण्याआधीही ब्रेक थोडं काम करून गेलेला असतो. आता समजा त्या २५ मीटरच्या शेवटी ती ४० च्या वेगाने कशावर तरी आदळली. मूळ वेग किती? ६७ अधिक ४० म्हणजे १०७, असं लिहिलेला एक अहवाल मी स्वतः पाहिलाय. चूक. वेग बेरजेत जात नाहीत, ऊर्जा जाते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर येतं सुमारे ७८. माणूस १०७ ने जात होता की ७८ ने, यावर कुणाचं तरी आयुष्य ठरणार असतं.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आल्यापासून काळे पट्टे दुर्मिळ झालेत, असले तरी पुसट. त्याची भरपाई एअरबॅगच्या नियंत्रकात बसलेला इव्हेंट डेटा रेकॉर्डर करतो. ईडीआर म्हणतात त्याला. धडकेआधीची साधारण पाच सेकंदं: वेग, अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक दाबला होता की नाही, पट्टा लावला होता की नाही. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारला तो सक्तीचा आहे. पण त्यालाही देव मानू नका. तो बहुधा चाकांचा वेग सांगतो, गाडीचा नव्हे. चाकं लॉक झाली तर गाडी घसरत असतानाही आकडा शून्याकडे पळतो. म्हणून यंत्राची साक्ष रस्त्याच्या साक्षीशी ताडून बघायची असते.

जमेल तसं पुढे लिहीन. कुणाचे अनुभव, शंका असतील तर जरूर मांडा.

एक_वाटसरू | शनि, रात्री ९:३२

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पाचवा_गिअर | शनि, रात्री १०:०५

माहिती छान, पण इतक्या खटाटोपातून शेवटी निघतं काय? चालकाची चूक. ९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात हा अमेरिकन सरकारचाच आकडा आहे. मी तीस वर्षं गाडी चालवतोय. लोक बघत नाहीत, पिऊन चालवतात, फोनवर असतात. आणि धडक झाली की ‘दिसलाच नाही हो’. दिवसाढवळ्या समोरचा माणूस दिसत नाही? सरळ खोटं बोलतात. रस्त्याला आणि खांबाला दोष देणं म्हणजे सारवासारव.

रबरी_खूण | शनि, रात्री ११:२०

गिअरभाऊ, तो आकडा खरा आहे आणि वाचला मात्र चुकीचा जातो. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याचं, एनएचटीएसएचं, २०१५ चं टिपण आहे ते. साखळीतली धडकेच्या अगदी आधीची कडी कुणाकडे होती, हे त्यात मोजलंय. ९४ टक्के वेळा चालकाकडे. आणि याला अपघाताचं कारण समजू नये, यावरून दोषही ठरवू नये, हे त्याच टिपणात स्पष्ट लिहिलंय. आकडा जगभर फिरला, ती ओळ कागदावरच राहिली.

चालकाची चूक नसते असं मी म्हणतच नाही. बहुतेक वेळा असते. पण ‘चूक झाली’ या ठिकाणी तपास सुरू व्हायला हवा, आपण तिथेच फाइल बंद करतो.

‘दिसलाच नाही’बद्दल. मीही आधी खोटंच समजायचो. मोकळ्या माळरानावर दोन सरळ रस्ते एकमेकांना छेदतात असं समजा. एकावरून कार, दुसऱ्यावरून सायकल, दोघं आपापल्या स्थिर वेगाने एकाच वेळी चौकात पोहोचणार. अशा वेळी कारवाल्याच्या नजरेत सायकलस्वाराची दिशा बदलतच नाही. तो काचेवर एकाच जागी चिकटल्यासारखा राहतो, फक्त हळूहळू मोठा होतो. डोळ्याच्या कडेला हालचाल चटकन कळते, स्थिर ठिपका कळत नाही. त्यात तो ठिपका गाडीच्या पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाआड आला तर शेवटच्या क्षणापर्यंत तिथेच लपून राहतो. खलाशांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे: समोरच्या जहाजाची दिशा बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल तर टक्कर होणार. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमध्ये इप्ली क्रॉस नावाच्या चौकात काही वर्षांच्या अंतराने असे दोन सायकलस्वार गेले. चारी बाजूंना उघडं रान, आणि तरी. रस्ते एकमेकांना ज्या कोनात छेदतात त्यामुळे सायकल आणि कार त्या खांबाच्या रेषेत येतात.

चालक वेगळे, चौक तोच. मग ‘बघितलं नाही’ एवढंच लिहून थांबायचं का?

शंकासुर | रवि, सकाळी ७:४८

गणित करून पाहिलं, ७८ बरोबर येतंय. पण एक शंका. ६० ऐवजी ५० ने जाऊन दहाचाच फरक पडतो ना? मग वेगमर्यादेवरून एवढा गहजब का?

रबरी_खूण | रवि, सकाळी ८:३०

तेच ०.७ घ्या आणि चालकाला प्रतिक्रियेला दीड सेकंद द्या. ५० वाली गाडी दीड सेकंदात २१ मीटर नुसती जाते, मग १४ मीटर ब्रेक लावून ३५ मीटरवर थांबते. माणसाच्या पायाशी, समजा. ६० वाल्याने त्याच क्षणी त्याच जागी माणूस पाहिला. त्याचे २५ मीटर प्रतिक्रियेतच गेले. उरलेल्या दहा मीटरांत ब्रेक लागून ५० वाली जिथे थांबली तिथे हा किती वेगाने पोहोचतो?

शंकासुर | रवि, सकाळी ८:५१

४३??

रबरी_खूण | रवि, सकाळी ८:५५

४३. म्हणजे दहाचा फरक जाऊन शून्य आणि ४३ असा झाला.

तिरकी_रेघ | रवि, सकाळी १०:१२

अवांतर: मुळात ‘अपघात’ हा शब्दच घोटाळा करतो असं मला वाटतं. आपण ‘अपघातानेच भेट झाली’ म्हणतो, म्हणजे योगायोगाने, कुणाच्याही हातात नसताना. घटनेला नाव देतानाच तिला नशिबाच्या खात्यात टाकून मोकळे. इंग्रजीतही हाच वाद आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ मध्ये ‘अ‍ॅक्सिडेंट’ हा शब्द आपल्या पानांवरून हद्दपार करायचं ठरवलं होतं, कारण बहुतेक इजा टाळता येण्याजोग्या असतात. आपल्याकडे ‘धडक’ हा चांगला शब्द आहे. काय घडलं तेवढंच सांगतो, का घडलं ते आधीच ठरवत नाही.

पाचवा_गिअर | रवि, सकाळी १०:४०

शब्द बदलून माणसं मरायची थांबणार का?

तिरकी_रेघ | रवि, सकाळी १०:४४

नाही. पण ‘ताबा सुटल्याने’ छापून येणं थांबलं तरी मला पुरे.

ओली_माती | रवि, दुपारी १:१५

मी न्यायवैद्यक विभागात काम करते, म्हणजे गाडीऐवजी माणूस वाचते. रबरी_खूण यांच्या दुसऱ्या प्रश्नावर, ‘मेला का?’ यावर, थोडं लिहिते.

शवविच्छेदन म्हणजे फक्त मृत्यूचं कारण लिहिणं नव्हे. छातीवर तिरका पट्ट्याचा वळ आहे का? असेल तर पट्टा होता, आणि तो कुठल्या खांद्यावरून गेलाय यावरून कोण कुठल्या सीटवर होतं तेही कळतं. ‘गाडी मी नव्हे, तो चालवत होता’ असं जिवंत राहिलेला सांगतो तेव्हा हे फार उपयोगी पडतं. पादचाऱ्याच्या पायाचं हाड जमिनीपासून किती उंचीवर मोडलंय हे मी टाचेपासून मोजते. बंपरच्या उंचीपेक्षा खाली मोडलं असेल तर गाडीचं नाक खाली झुकलं होतं, म्हणजे ब्रेक लागलेला असण्याची शक्यता. दोन्ही पायांवर वेगवेगळ्या उंचीवर असेल तर तो चालत होता. चालकाच्या हृदयाच्या धमन्याही बघाव्या लागतात. काही जण धडकेने मरत नाहीत, आधी मरतात आणि मग धडकतात.

रक्तातलं मद्य सगळे तपासतात. झोप कशी तपासणार? तिचा अंश रक्तात उरत नाही. तिथे पुन्हा रस्ताच बोलतो.

विल्यम हॅडन हे मूळचे डॉक्टर. १९६६ मध्ये अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांनी साथीच्या रोगाकडे बघावं तसं धडकेकडे बघितलं. एक साधा तक्ता केला: धडकेआधी, धडकेत, धडकेनंतर अशा तीन ओळी, आणि माणूस, वाहन, परिसर असे रकाने. पोलिसांच्या कागदात त्यातला बहुधा एकच चौकोन भरलेला असतो: धडकेआधी, माणूस. बाकीचे रिकामे. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती तिसरी ओळ. माझ्या टेबलावर अशी माणसं येतात ज्यांची जखम मरण्याइतकी नव्हती. रक्त वाहत राहिलं, किंवा बेशुद्धीत मान अशी पडली की श्वासाची वाट बंद झाली. त्यांच्याही कागदावर ‘ताबा सुटल्याने’च असतं.

आणि हो, आंतरराष्ट्रीय मोजणीत तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला तरच तो रस्त्यावरचा बळी. एकतिसाव्या दिवशी गेलेला आकड्यात नसतो. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अहवालात वर्षाला ११ लाख ९० हजार मृत्यू दिलेत.

रबरी_खूण | रवि, दुपारी २:०२

ओली_माती ताई, दंडवत. झोपेबद्दल: ब्रेकचा मागमूस नाही, स्टिअरिंगचा झटका नाही, गाडी अगदी लहान कोनात, जणू विचार करत करत रस्ता सोडून गेलेली. पहाटेची वेळ. असं दिसलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो. पुरावा नव्हे, पण दिशा. मग चालकाचे आधीचे दोन दिवस तपासायचे. कधी निघाला, कुठे थांबला, कुणी कामावर किती तास जुंपलं होतं. जुंपणाऱ्याचं नाव अहवालात क्वचितच येतं.

तुमच्या तक्त्यासाठी सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण देतो. ३१ ऑगस्ट १९९७, पॅरिसचा आल्मा बोगदा, प्रिन्सेस डायना. किती कटकथा रचल्या गेल्या! लंडनमधल्या जूरीने एप्रिल २००८ मध्ये निकाल दिला, त्यात काय आहे बघा. पाठलाग करणाऱ्या गाड्यांचं आणि मर्सिडीजच्या चालकाचं घोर बेपर्वा चालवणं. चालकाने घेतलेलं मद्य. आणि मग: मृत व्यक्तीने सीटबेल्ट लावलेला नव्हता, आणि गाडी दुसऱ्या कशावर न आदळता बोगद्याच्या खांबावर आदळली. शेवटचे दोन मुद्दे धडक का झाली याबद्दल नाहीतच. मरण का आलं याबद्दल आहेत. त्या खांबांसमोर कठडा नव्हता. असता तर गाडी त्याला घासत पुढे गेली असती, आणि आज ती बातमी कुणाला आठवलीही नसती, असं मला वाटतं.

एक_वाटसरू | रवि, दुपारी ३:३०

मग चालकच काढून टाकला तर? स्वयंचलित गाड्या?

शंकासुर | रवि, दुपारी ४:१०

त्यावर वाचलंय. मार्च २०१८, अमेरिकेतलं टेम्पी, उबरची चाचणीतली गाडी, रस्ता ओलांडणारी बाई गेली. सगळ्यांनी आधी ‘अंधारातून अचानक आली’ म्हटलं. एनटीएसबीने, म्हणजे तिथल्या वाहतूक अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी मंडळाने, तपास केला तेव्हा कळलं की यंत्रणेला ती ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल असं ठरवत बसली. पादचारी चौक सोडून मधूनच रस्ता ओलांडू शकतो हे तिला शिकवलेलंच नव्हतं. गाडीचा मूळचा आपत्कालीन ब्रेक चाचणीसाठी बंद होता. आत बसलेली देखरेखवाली फोन बघत होती, आणि तिच्यावर कंपनीची देखरेख अपुरी.

म्हणजे ‘ताबा’ नक्की कुणाकडे होता?

पाचवा_गिअर | रवि, सायं ५:५५

५.६ सेकंद म्हणजे फार झाले. बरं, हे मान्य. पण मग दोषी कोणीच नाही का? सगळ्यांची थोडी थोडी चूक म्हणजे कुणाचीच नाही, असं होतं शेवटी.

कागदी_होडी | रवि, रात्री ९:०७

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते. माझा धाकटा भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. रात्री, एकटाच, वळणावर गाडी झाडावर. कागदावर तेच वाक्य आहे, शब्दन् शब्द. आई अजून म्हणते, तो कधी वेगात जायचा नाही. वडील काहीच म्हणत नाहीत.

गिअर यांचा प्रश्न माझाही आहे. दोषी कोण हे कळलं असतं तर निदान रागवायला कुणीतरी असतं. सध्या फक्त तोच आहे.

रबरी_खूण | रवि, रात्री १०:४०

होडी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

गिअरभाऊंच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की ही दोन वेगळी कामं आहेत आणि ती एकाच माणसाकडे दिली की दोन्ही बिघडतात. न्यायालयाला दोषी हवा असतो, तो हवाच. पण जो तपास शिक्षेकडे जाणार असतो त्यात कुणी खरं सांगत नाही, आणि शिक्षा करता येईल असा एक माणूस सापडला की तो थांबतो. झाडाला शिक्षा करता येत नाही, म्हणून झाडाबद्दल कुणी लिहीत नाही. फिनलंडमध्ये १९६८ पासून पथकं आहेत: पोलीस, वाहनतज्ज्ञ, रस्तेतज्ज्ञ, डॉक्टर, मानसशास्त्राचा जाणकार. प्रत्येक प्राणघातक धडक तपासतात आणि दोष किंवा भरपाई यावर मत देत नाहीत. ते काम दुसऱ्यांचं. स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत ठरवलं की माणूस चुकणारच, चुकीची किंमत मरण असता कामा नये. मग त्यांनी अरुंद हमरस्त्यांच्या मधोमध तारेचे कठडे घातले, दोन अधिक एक अशा लेन आलटून पालटून. आधी लोक हसले. चालक तेच राहिले, तसेच डुलक्या काढणारे, आणि त्या रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे तीन चतुर्थांशाने घटले.

पाचवा_गिअर | सोम, सकाळी ६:५०

होडी ताई, माझं आधीचं लिहिणं तुम्हाला लागलं असेल तर माफ करा. ‘लोक असेच असतात’ असं सहज लिहून गेलो.

कागदी_होडी | सोम, सकाळी ९:२०

नाही हो, मीही इतरांबद्दल तेच म्हणायचे.

आता चार वर्षांनी काही कळू शकतं का? वेडेपणा वाटेल.

रबरी_खूण | सोम, सकाळी ९:४५

वेडेपणा अजिबात नाही. गाडी भंगारात गेली असेल तर ईडीआरचा मार्ग बंद. (इतरांसाठी: गाडी जप्तीत किंवा गॅरेजात असेल तर ती सोडू नका आणि इग्निशन चालू करू देऊ नका. दिवेसुद्धा जपा. जुन्या बल्बची तार धडकेवेळी पेटलेली असेल तर मऊ होऊन ताणली जाते, विझलेली असेल तर कोरडी तुटते. एलईडीत ही सोय गेली.)

तुमच्याकडे काय उरलं असेल: पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, घटनास्थळाचे फोटो. अहवाल ओली_माती ताईंना वाचता येईल. फोटोंत मला तीन गोष्टी हव्यात. वळणाआधी रस्त्यावर खुणा आहेत का, असल्या तर सरळ की वक्र. वळणाची सूचना देणारी पाटी किंवा बाणफलक आहे का. आणि कडेची खडी डांबरावर आलीय का. पहिलं चाक कडेच्या खडीत उतरलं आणि माणसाने घाबरून जोरात परत वळवलं, की गाडी फिरते. वेग कमी असला तरी. शांत चालवणाऱ्यांच्या बाबतीत हे बऱ्याचदा पाहिलंय.

ओली_माती | सोम, सकाळी १०:०३

होडी, व्यक्तिगत निरोप पाठवा. नाव-गाव झाकून पाठवलंत तरी चालेल.

कागदी_होडी | सोम, रात्री ८:३१

ताई, पाठवलाय.

फोटोंचं पाकीट आज पहिल्यांदा उघडलं. एकूण अकरा आहेत. अकराही गाडीचे. पुढून, मागून, नंबरप्लेट, आतून. रस्त्याचा एकही नाही.

रबरी_खूण | सोम, रात्री ८:५०

झाड अजून आहे का तिथे?

कागदी_होडी | सोम, रात्री ९:१४

आहे. नंतर कुणीतरी त्याला पांढरा पट्टा रंगवलाय.